रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाची मेटानेफ्रिन तपासणी व्हावी का?

नीरक्षीर : मूत्रपिंडाच्या माथ्यावरील ॲड्रिनल ग्रंथीत होणारी फिओक्रोमोसायटोमा ही गाठ ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन ही संप्रेरके अवेळी रक्तात सोडते, त्यामुळे एकाएकी रक्तदाब चढतो, डोके ठणकते, छाती धडधडते आणि दरदरून घाम फुटतो. झटका ओसरल्यावर दवाखान्यात सारे सुरळीत दिसते आणि रुग्णाच्या कपाळी ‘काळजी करण्याचा स्वभाव’ असा शेरा येतो. गाठ बहुधा शस्त्रक्रियेने काढता येते. परंतु निदान न होताच दुसऱ्या कुठल्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिली, तर जिवावर बेतू शकते. म्हणून रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाची मेटानेफ्रिनची, म्हणजे या संप्रेरकांच्या विघटनातून बनणाऱ्या द्रव्यांची, रक्ततपासणी एकदा तरी व्हावी, असे माझे मत आहे.

तळटीप : असहमत. रक्तदाबाच्या हजार रुग्णांत ही गाठ फार तर पाच-सहा जणांना असते. चाचणी गाठ सहसा चुकवत नाही, हे मान्य. पण गाठ नसलेल्या शंभरांपैकी दहा जणांचा अहवाल जरी खोटा सकारात्मक आला, तरी हजारांत सुमारे शंभर माणसे विनाकारण धास्तावतील. नमुना घेण्यापूर्वी वीस-तीस मिनिटे आडवे पडून राहावे लागते, नैराश्यावरील काही औषधांनीही पातळी वाढते, आणि हे पथ्य गर्दीच्या प्रयोगशाळेत किती पाळले जाते, ते आपण जाणतोच. पुढे सीटी स्कॅन होणार आणि त्यात निरुपद्रवी गाठी सापडणार, कारण उतारवयात त्या अनेकांना असतात. झटके येणारे, तरुण वयात रक्तदाब जडलेले आणि ॲड्रिनलवर गाठ आढळलेले, एवढ्यांचीच तपासणी करावी.

नीरक्षीर : झटके येतात हे कळायला डॉक्टरांनी ते विचारावे लागते, आणि दोन मिनिटांच्या भेटीत कोण विचारतो? शिवाय काही गाठी लक्षणांविना वाढतात, त्या आपल्या चाळणीतून निसटतील.

वाटसरू : सरसकट तपासणीच हवी असेल, तर त्याच ग्रंथीच्या ॲल्डोस्टेरोन या शरीरातील मीठ-पाणी राखणाऱ्या संप्रेरकाचा हक्क आधीचा आहे. त्याचा अतिस्राव रक्तदाबाच्या रुग्णांत कितीतरी अधिक आढळतो, आणि एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेने २०२५ मध्ये सर्वच रुग्णांसाठी ती तपासणी सुचवली आहे. फिओक्रोमोसायटोमाच्या बाबतीत मी रुग्णाच्या घरापासून सुरुवात करीन, कारण जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांत आनुवंशिक दोष असतो. आरईटी, व्हीएचएल किंवा एसडीएचबी जनुकात तो सापडला, तर भावंडांची आणि मुलांची तपासणी टाळणे अक्षम्य ठरेल.

तळटीप : याला माझा पूर्ण पाठिंबा. मात्र दोन मिनिटांच्या भेटीवरचा उपाय रुग्णाला नीट विचारणे हाच आहे. न विचारता मागवलेल्या अहवालाचा अर्थही पुढच्या दोन मिनिटांतच लावला जाईल.