मदत हवी आहे: आयएमआरचे आकडे स्थिर येत नाहीत

नागपुरात हार्ट अटॅकच्या पेशंटमध्ये प्रेशर वायरने (दाब आणि तापमान मोजणारा सेन्सर असलेली बारीक तार) आयएमआर, म्हणजे हृदयाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतला रोध, मोजणारं कुणी आहे का? स्टेंटनंतर टिमी-३ प्रवाह (अँजिओग्राफीत पूर्ण, नॉर्मल वाटणारा) दिसला तरी सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबलेल्या असू शकतात, म्हणून हा खटाटोप. रक्तवाहिन्या फुलवायला अडेनोसिन शिरेतून १४० मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, मग धमनीत ३ मिली सलाइन झटक्यात (बोलस), तीनदा. पण ट्रान्झिट टाइम (सलाइन सेन्सरपर्यंत पोचायचा वेळ) हलतो; आयएमआर म्हणजे दाब गुणिले हा वेळ. स्टेंटपुढचा दाब ८० असताना ०.४ सेकंदाला आयएमआर ३२, ०.६ला थेट ४८. आणि ४०ची रेषा (त्यावर गेलं की सूक्ष्म वाहिन्यांना मोठी इजा धरतात) नेमकी मधे! साइड होलवाला (बाजूला छिद्रं असलेला) गाइड कॅथेटर टाळलाय, सेन्सरही धमनीत बराच पुढे, एकाच जागी ठेवतो. संशय सलाइनवर आहे: मे महिन्यात स्टोअरमधली बाटली कोमटच येते, मग सेन्सरवरून सलाइन जाताना वेळ मोजायला लागणारा तापमानाचा खड्डा उथळ पडतो. बाटली एसीत आधी किती वेळ ठेवता? विचित्र रीडिंग टाकून देता की चौथा बोलस देता?