शेळी की रेशीमकिडा? घोडं अडतं कातताना

कोळ्याचं रेशीम कुणाकडून करून घ्यावं, शेळीकडून की रेशीमकिड्याकडून, असा वाद आहे. कोळ्याचं जनुक घालून शेळीच्या दुधात त्याच्या रेशमाचं प्रथिन उतरलं, मग धागा का नाही, असं कुणीही विचारेल. अहो, प्रथिन मिळणं हा अर्धाच खेळ. दुधातून काढा नाहीतर जिवाणूंकडून, हाती भुकटीच येते. ती बहुतेकदा हेक्साफ्लुरोआयसोप्रोपेनॉलसारख्या जहाल द्रावकात (विरघळवणाऱ्या रसायनात) विरघळवून, धागा व्हावा म्हणून सुईतून अल्कोहोलमध्ये सोडतात. कोळी मात्र पाण्यावरच भागवतो: त्याच्या अंगातल्या नळीत प्रथिनाचा द्रव पुढे सरकताना आम्लता वाढते, ताण बसतो, द्रवाचा धागा होतो.

स्वीडनमधल्या गटाने २०१७ साली कोळ्याच्या याच पद्धतीची नक्कल केली. दोन जातींच्या कोळ्यांच्या रेशीम-प्रथिनांचे तुकडे जोडून जिवाणूंकडून करून घेतलेलं प्रथिन काचेच्या निमुळत्या नळीतून आम्लधर्मी पाण्यात सोडलं. जिवाणू वाढवलेल्या लिटरभर द्रवातून किलोमीटरभर धागा! ताकद अस्सल धाग्याहून बरीच कमी, ते सोडा. रेशीमकिड्याच्या तर अंगातच कातायचं यंत्र असतं, त्याच्यात कोळ्याचं जनुक घातलं की कातायचा प्रश्नच सुटतो, म्हणून माझं मत त्यालाच.