आयसोनियाझिड टाकूनही इन्ह-ए एन्झाइम बंद पडत नाही, चुकतंय कुठे?

प्रश्न (क्युव्हेट३४०):
शुद्ध केलेलं इन्ह-ए (क्षयाच्या जीवाणूचं एन्झाइम), त्याचा सहघटक एनएडीएच आणि ते ज्यावर काम करतं ते डोडेसेनॉइल-कोए घेऊन ३४० नॅनोमीटरला शोषण किती वेगाने उतरतं, म्हणजे एनएडीएच किती वेगाने खर्च होतं, ते मोजतोय. क्षयाचं औषध आयसोनियाझिड १०० मायक्रोमोलरपर्यंत नेलं तरी वेग जैसे थे. ट्रायक्लोसान टाकलं की लगेच पडतो. पावडर नवीन आहे. मग घोडं अडतंय कुठे? क्षयाच्या बाकी औषधांतही हे होतं का?

उत्तर (विकर_वेडा):
पावडर ठीक आहे, मिश्रणात कॅट-जी नाही. ट्रायक्लोसान थेट इन्ह-एवर बसतं, आयसोनियाझिड बसत नाही; ते प्रोड्रग आहे, म्हणजे आधी सक्रिय व्हावं लागतं. जीवाणूचं कॅट-जी (कॅटलेज-पेरॉक्सिडेज) त्याचं ऑक्सिडीकरण करतं, त्यातून आयसोनिकोटिनॉइल मुक्त मूलक निघतो आणि तो एनएडीला जोडला जातो. एनएडीएचच्या जागी घट्ट बसतं ते हे जोडसंयुग. इन्ह-ए थांबलं की मायकोलिक आम्लाच्या साखळ्या लांबत नाहीत आणि पेशीभित्तिका कच्ची राहते.

कॅट-जी, आयसोनियाझिड आणि एनएडी+ आधी वेगळ्या नळीत ठेवा. ३२६ नॅनोमीटरला नवं शोषण दिसलं की जोडसंयुग झालं. कॅट-जी हाताशी नसेल तर मँगनीज(३) पायरोफॉस्फेटनेही ते बनतं. मग ते इन्ह-एबरोबर ठेवा आणि एनएडीएच शेवटी घाला. जोडसंयुग हळू बसतं. एनएडीएच आधीच भरपूर असेल तर त्याला जागा मिळायला आणखी वेळ लागतो, आणि पहिल्या मिनिटाचा आलेख पाहून औषध निकामी वाटतं.

दोन ठिकाणी हमखास फसतं. ई. कोलायमध्ये बनवलेल्या कॅट-जीत हीम (लोह असलेला सहघटक) कमी भरतं, म्हणून ४०८ (हीम) आणि २८० (प्रथिन) नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर तपासा. दुसरं, हायड्रोजन पेरॉक्साइड एकदम ओतू नका: कॅटलेज ते फोडून टाकतं, बुडबुडे येतात, आणि प्रमाण फार झालं तर एन्झाइमच मरतं. ग्लुकोज आणि ग्लुकोज ऑक्सिडेज वापरून ते थोडं थोडं तयार होऊ द्या.

उत्तर (कल्चर_टेबल):
रुग्णाच्या नमुन्यात हाच दुवा तुटलेला दिसतो. कॅट-जीत ३१५ व्या जागी सेरिनऐवजी थ्रिओनिन आलं की आयसोनियाझिड सक्रिय होणं बरंच घटतं, पण कॅटलेजचं काम बऱ्यापैकी टिकतं. जीवाणूला याहून सोयीचा सौदा नाही, म्हणूनच हा बदल इतका सापडतो. इन्ह-ए जनुकाच्या प्रमोटरमधला (जनुक किती चालावं ते ठरवणाऱ्या भागातला) बदल निराळा: औषध सक्रिय होतं, पण लक्ष्य एन्झाइमच जास्त बनतं. प्रतिकार सहसा सौम्य असतो, मात्र इथिओनामाइड हे क्षयाचं दुसरं औषधही हातचं जातं, कारण ते एथ-ए या एन्झाइमकडून सक्रिय होऊन इन्ह-एवरच येतं. फक्त कॅट-जी बदललेलं असेल तर इथिओनामाइडचा पर्याय उरतो.

पायराझिनामाइड या औषधाला पीएनसी-ए हे एन्झाइम लागतं, त्यातून पायराझिनोइक आम्ल होतं. चाचणी आम्लधर्मी माध्यमात, एमजीआयटीत (द्रव माध्यमातल्या वाढ-चाचणीत) पीएच ५.९ आणि औषध १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. इनॉक्युलम (सुरुवातीला टाकलेले जीवाणू) जास्त पडला तर जीवाणू पीएच वर नेतात आणि संवेदनशील जीवाणू प्रतिरोधक दिसतो. पीएनसी-एमधले बदल जनुकभर विखुरलेले असतात, त्यामुळे ठरावीक जागा पाहून भागत नाही. पूर्ण जनुकाचं सिक्वेन्सिंग करावं लागतं.

क्युव्हेट३४०:
३२६ वर शिखर आलं, आभार. प्रेटोमॅनिड या क्षयाच्या औषधासाठीही असंच एखादं एन्झाइम घालायचं का?

उत्तर (विकर_वेडा):
एन्झाइम डीडीएन, पण तेवढ्याने होणार नाही. त्याला एफ-४२० हा सहघटक क्षपित (इलेक्ट्रॉन मिळालेल्या) रूपात लागतो आणि ई. कोलाय तो बनवत नाही. तो मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसमधून काढा, एफजीडी-१ हे एन्झाइम आणि ग्लुकोज-६-फॉस्फेट घालून क्षपित करा. ४२० नॅनोमीटरचं शोषण उतरलं की झालं. नायट्रो गट निघताना नायट्रिक ऑक्साइड सुटतं आणि श्वसन बिघडवतं, त्यामुळे वाढ थांबलेले जीवाणूही मरतात. एफ-४२० बनवणारं एखादं जनुक बिघडलं तर त्याच गटातलं औषध डेलामॅनिडही जातं. डीडीएनमधल्या काही बदलांत मात्र प्रेटोमॅनिड निष्फळ होतं आणि डेलामॅनिड चालत राहतं, तेव्हा दोन्ही वेगवेगळी तपासा.