मदत हवी आहे: बॅलन डी'ओरमधली फक्त पत्रकारांची मतं कुठे मिळतील?

मंडळी, कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या पोरांसाठी फुटबॉलची प्रश्नमंजुषा करतोय. एका प्रश्नावर गाडी अडलीय.

बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणारा 'फ्रान्स फुटबॉल' या नियतकालिकाचा पुरस्कार, १९५६ पासून पत्रकारांच्या मतांवर ठरायचा. २०१० ते २०१५ मध्ये तो फिफाच्या पुरस्कारात विलीन झाला आणि राष्ट्रीय संघांचे कर्णधार, प्रशिक्षकही मत देऊ लागले. पहिल्याच वर्षी मेस्सी जिंकला, पण नुसती पत्रकारांची मतं धरली असती तर नेदरलंड्सचा स्नायडर जिंकला असता. त्या मोसमात इटलीच्या इंटर मिलान क्लबसोबत तीन करंडक, वर विश्वचषकाची अंतिम फेरी, आणि गडी पहिल्या तिघांतही नाही! (मी मेस्सीवालाच आहे, तरी हे पटत नाही.)

तर, २०११ ते २०१५ या वर्षांत पत्रकार, कर्णधार आणि प्रशिक्षक यांचे गुण वेगवेगळे दाखवणारा तक्ता कुणाकडे आहे का? पत्रकारांचा कौल पुन्हा कधी उलटा गेला होता का, तेवढंच हवंय. देशवार मतांच्या लांबलचक याद्या नकोत, बेरीज करून डोळे गेले. जुन्या अंकाचा फोटो असेल तरी चालेल.