‘विलंब माफी’ला दुसरा शब्द आहे का?

अबोली : मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेबद्दल मावशीने केलेली तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाने फेटाळली. निकाल आला तेव्हा ती दुसऱ्या डोळ्यासाठी मुंबईला होती, मुदत उलटली. आता फेरविचाराचा अर्ज करायचाय. शपथपत्र इंग्रजीत आहे, तिच्यासाठी मी ते मराठीत उतरवतेय. ‘कंडोनेशन ऑफ डिले’ला ‘विलंब माफी’ लिहिलं. तिने भिंग धरून वाचलं आणि ‘माफी’वर बोट ठेवलं. "माफी गुन्हेगार मागतो. मी काय केलं?" सही करायला तयार नाही.

सत्तरीकर : ‘विलंब क्षमापित करणे’ लिहा. सरकारी मराठीत रूढ आहे.

मांडवीकाठ : क्षमा म्हणजे माफीच की! शिवाय मावशींना तो शब्द आणखी परका. वकील-कारकून सगळे ‘विलंब माफी’च म्हणतात.

सत्तरीकर : क्षम् धातूचा मूळ अर्थ सोसणे. आयोगाने उशीर सोसून घ्यावा, एवढंच. अपराध त्यात येत नाही.

केपेकर : आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या प्रार्थनेत ‘भोगस’ ऐकत मी वाढलो. कोकणीत भोगसणें म्हणजे क्षमा करणे. मला त्यात आपलं ‘भोगणे’ दिसतं, म्हणजे पुन्हा सोसणंच. हा माझा तर्क.

मांडवीकाठ : पण भोगसायची असतात ती पातकंच ना? मावशींचा आक्षेप तसाच राहिला. माझे आजोबा माफीला पोर्तुगीज ‘पेर्दांव’ म्हणत. त्यातलं आणि ‘कंडोन’मधलं मूळ लॅटिन क्रियापद देण्याचं, आपल्या ‘दान’शी सख्खं नातं असलेलं. म्हणून ‘मुदत वाढवून देणे’ लिहावं.

सत्तरीकर : मुदत वाढवणं वेगळं. इथे ती संपलेली आहे.

काळा कोट : अबोलीताई, आधी अर्ज कसला ते बघा. २०१९ च्या कायद्यात जिल्हा आयोग स्वतःच्या आदेशाचं पुनर्विलोकन करतो ते नोंदीवर उघड दिसणाऱ्या चुकीपुरतं, आणि अर्ज ३० दिवसांत लागतो. राज्य आयोगाकडे अपील ४५ दिवसांत. त्याला उशीर झाला तर पुरेसं कारण दाखवावं लागतं. मुंबईच्या दवाखान्याचे कागद जोडा.

अबोली : वकिलांना विचारलं, अपीलच आहे. ‘फेरविचार’ ही माझी चूक, आजच दुरुस्त करते. पण ‘माफी’चं काय करू?

सत्तरीकर : ‘फेरविचार’ वर्तमानपत्री शब्द. कायद्यात पुनर्विलोकनच हवं.

मांडवीकाठ : आमच्या गोव्यात, म्हापशाच्या बाजारात पुनर्विलोकन कुणाला कळेल? फेरमतदान, फेरफार लोकांच्या तोंडी आहेत.

केपेकर : जमिनीच्या नोंदीतला ‘फेरफार’ महाराष्ट्रात. गोव्यात आम्ही म्युटेशनच म्हणतो, आणि सातबाऱ्याला एक-चौदा.

सत्तरीकर : गोव्यातच, सत्तरी तालुक्यात जुनी माणसं फेरफार म्हणतात. मी स्वतः ऐकलंय.