मदत हवी आहे: सबफोल्डरांसकट सगळ्या फाइल्स देणारं फंक्शन, एरर कळवायची कशी?

नमस्कार मंडळी,

पायथनमध्ये एक फंक्शन लिहायला घेतलंय. त्याला एक फोल्डर द्यायचं; त्याच्या पोटात कितीही खोल सबफोल्डर असोत, त्या सगळ्यांतल्या फाइल्सचे पाथ (फाइल कुठे आहे तो पत्ता) मिळायला हवेत. नुसतं चालणारं फंक्शन लिहिणं अवघड नाही. अडलंय ते रचनेपाशी, म्हणून हा धागा.

आधी उपयोग सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. मूळ फोल्डर आणि त्याचा बॅकअप, दोन्हींवर हेच फंक्शन चालवून याद्या ताडून बघायच्या आहेत. समजा 'हिशेब' नावाचं सबफोल्डर परमिशन नसल्यामुळे बॅकअप घेताना वाचता आलं नाही, म्हणून ते तिकडे गेलंच नाही. पडताळणीच्या वेळी मूळ बाजूलाही ते उघडलं नाही आणि फंक्शनने ते मुकाट्याने सोडून दिलं. झालं! दोन्ही याद्या तंतोतंत जुळतात, आणि आतली एकही फाइल बॅकअपमध्ये नसते. ओएस डॉट वॉक हे पायथनमधलं तयार फंक्शन मुळात असंच वागतं: त्याच्या 'ऑनएरर' पॅरामीटरला काही दिलं नाही तर फोल्डर वाचताना आलेली एरर गिळून ते पुढे जातं. माझ्या मते अशा कामात यादी अजिबात न मिळालेली परवडली, पण गुपचूप अर्धवट मिळालेली नको.

आतापर्यंत ठरवलेलं असं. फंक्शन पूर्ण लिस्ट न देता जनरेटर देईल, जो मागेल तसा एकेक पाथ 'यील्ड' करतो, म्हणजे हातात देतो; त्यामुळे लाखो फाइल्स असल्या तरी मेमरीत एकदम भरायला नकोत. रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच हाक मारणं) टाळून बघायच्या फोल्डरांचा एक स्टॅक ठेवलाय. रिकर्शनला मुळात हजारची मर्यादा असते हे एक कारण, पण मला जास्त खटकतं ते दुसरंच: 'यील्ड फ्रॉम' वापरलं की तळाला सापडलेला प्रत्येक पाथ वरच्या एकेका पातळीतून हातोहात वर येतो. (ओएस डॉट वॉकनेही पायथन ३.१२ पासून रिकर्शन सोडलंय.)

प्रत्येक फोल्डर ओएस डॉट स्कॅनडिरने (फोल्डरमधल्या नोंदी देणारं फंक्शन) 'विथ'मध्ये, म्हणजे काम झालं की आपोआप बंद होईल असं, उघडतो, आतलं सगळं लिस्टमध्ये घेतो, बंद करतो आणि मगच यील्ड करतो. उघडं ठेवून यील्ड केलं आणि वापरणाऱ्याने मध्येच लूप तोडला तर उघडलेल्या फोल्डरचं हँडल अडकून राहू शकतं. शिवाय स्कॅनडिरचा क्रम कसाही असतो, त्यामुळे नावं लावून घ्यायला लिस्ट लागतेच.

सिमलिंकच्या (दुसऱ्या फाइल किंवा फोल्डरकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीच्या) मागे जायचं नाही, पण ती यादीत हवी. ओएस डॉट वॉक फोल्डरकडे बोट दाखवणारी सिमलिंक फोल्डरांच्या नावांत टाकतं, त्यामुळे फक्त फाइलनावं गोळा करणाऱ्याला ती दिसत नाही.

आता मुख्य प्रश्न. फोल्डर वाचता आलं नाही तर वापरणाऱ्याला सांगायचं कसं? एक्सेप्शन (काम तिथेच तोडणारी एरर) फेकलं तर जनरेटर तिथेच संपतो, तो पुन्हा सुरू करता येत नाही. एका बंद फोल्डरपायी पुढचं सगळं झाड हातचं जातं. दुसरा मार्ग म्हणजे पाथबरोबर एररसुद्धा यील्ड करायची. पण मग वापरणाऱ्याला दर वेळी हातात काय आलंय ते तपासत बसावं लागतं. तिसरा कॉलबॅक, म्हणजे वापरणाऱ्याने दिलेलं फंक्शन, एरर आली की आपण त्याला हाक मारायची. तो मला पटतो, पण तो ऐच्छिक ठेवला की लोक देणार नाहीत आणि आपण पुन्हा ओएस डॉट वॉकपाशीच येऊ. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

प्रतिसाद १

कॉलबॅकच घ्या, फक्त त्याला डिफॉल्ट किंमत देऊ नका. पॅरामीटरच्या यादीत फोल्डरनंतर एकटा तारा टाका आणि त्यापुढे 'एरर_आल्यास' असा पॅरामीटर ठेवा. तो नावानिशी दिल्याशिवाय फंक्शन चालणारच नाही. एरर सोडून द्यायच्या असतील तर तसंही लिहून द्यावं लागेल, आणि कोड वाचणाऱ्याला ते डोळ्यांनी दिसेल. पहिल्याच एररला थांबायचं असेल तर कॉलबॅकने स्वतःच एक्सेप्शन फेकावं. म्हणजे थांबायचं की पुढे जायचं हे वापरणारा ठरवतो, तुमचं फंक्शन नाही. तुमच्या पडताळणीत कॉलबॅकने एरर एका लिस्टमध्ये साठवाव्यात आणि ती लिस्ट रिकामी नसेल तर याद्या जुळल्या तरी 'ठीक' म्हणू नये.

एक मात्र वेगळं धरा. जे फोल्डर हातात दिलं तेच नसेल, तर सरळ एक्सेप्शन. आणि इथे एक खाच आहे: ज्या फंक्शनमध्ये 'यील्ड' आहे त्याची पहिली ओळसुद्धा हाक मारल्याबरोबर चालत नाही, पहिला पाथ मागितल्यावर चालते. तेव्हा दोन भाग करा. बाहेरचं साधं फंक्शन तपासणी करेल आणि आतला जनरेटर परत देईल. चुकीचा पाथ दिला की एरर जिथल्या तिथे दिसेल.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. तुमच्या क्रमाबद्दल थोडं. प्रत्येक फोल्डरमधली नावं लावून घेतलेला क्रम आणि पूर्ण पाथ अक्षरानुसार लावलेला क्रम एकच नसतो. 'चित्रे' आणि 'चित्रे-जुनी' अशी शेजारी फोल्डर घ्या. नावांनी लावली तर 'चित्रे' आधी. पण पूर्ण पाथ लावले की 'चित्रे' नंतर तिरकी रेघ येते, आणि जोडरेघेचा कोड ४५, तिरक्या रेघेचा ४७. म्हणून 'चित्रे-जुनी'तल्या फाइल्स आधी येतात. दोन्ही याद्या याच फंक्शनमधून येत असतील तर बिघडत नाही. मात्र एक यादी उद्या दुसऱ्या साधनातून आली तर ओळीला ओळ लावून ताडू नका, क्रम न बघणारे सेट करून ताडा. पाथही दिलेल्या फोल्डरपासूनचे सापेक्षच द्या, नाहीतर एकही जुळणार नाही.

आणि स्टॅकवर सबफोल्डर उलट्या क्रमाने टाका, शेवटी टाकलेलं आधी बाहेर येतं. पुढे कधी सिमलिंकच्या मागे जायची वेळ आली, तर लिंक फिरून वरच्याच फोल्डरकडे आणते ते चक्र पाथ लक्षात ठेवून सापडत नाही, कारण प्रत्येक फेरीला पाथ नवाच दिसतो. स्टॅटमधून (फाइल-फोल्डरची माहिती देणारं फंक्शन) डिव्हाइस आणि आयनोड क्रमांकाची जोडी, म्हणजे फोल्डरची खरी ओळख, घ्या आणि सध्याच्या फोल्डरपासून वरपर्यंतच्या साखळीत तीच जोडी आहे का ते बघा. असेल तर आत न उतरता त्याच कॉलबॅकला कळवा.