बिनमैद्याची बिस्किटं: तुमची कशी जमली, कशी फसली?

विश्रामबाग, सांगली
मुलाला डब्यात रोज विकतचं बिस्किट लागतं, म्हणून ठरवलं की घरीच करायची. ओट्स, केळं, थोडा मध आणि तूप अजिबात नाही. ओव्हनमधून काढली तेव्हा देखणी होती, संध्याकाळपर्यंत रबर झाली. पोराने एक चावा घेतला आणि उरलेलं हळूच डब्यात परत ठेवलं, काही न बोलता. बोलला असता तर बरं वाटलं असतं. तर मंडळी, मैदा-साखर टाळूनही खावीशी वाटतील अशी बिस्किटं कोणाला जमलीत का? फसलेलंही लिहा, प्रमाणासकट.

मिरज
तूप काढलंत तिथेच गाडी घसरली. खुसखुशीतपणा तुपाचाच असतो, त्यात काटकसर नको. हवं तर एक कमी खा.

आमच्या लहानपणी दिवाळीआधी आई मैदा, रवा, पिठीसाखर, वनस्पती तूप असं सगळं पिशवीत घालून बेकरीच्या भट्टीवर जायची. नंबर लागेपर्यंत रात्रीचे अकरा वाजायचे. मग पत्र्याचा डबा भरून गरम नानकटाई घरी यायची आणि आम्ही झोपेतून उठून खायचो. त्या वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटची, म्हणजे हृदयाला घातक चरबीची, तेव्हा कोणाला फिकीर! २०२२ पासून कायद्याने त्यावर २ टक्क्यांची मर्यादा आली आहे. मी मात्र आता साजूक तूपच घालते.

माझं प्रमाण: खपली गव्हाचं पीठ १०० ग्रॅम, नाचणीचं ५०, तूप ७०, गूळ ७०, पाव चमचा खायचा सोडा, वेलदोडा आणि चिमूटभर मीठ. नाचणीचं पीठ आधी मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत कोरडं भाजायचं, नाहीतर मातकट लागतं. तूप थिजलेलं हवं. गूळ किसून, चाळून तुपात फिकट होईपर्यंत हाताने फेसायचा. मग पिठं घालून गोळा नुसता एकत्र आणायचा, कणकेसारखा तिंबायचा नाही. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून १६० अंशांवर साधारण १८ मिनिटं भाजायची.

बाहेर काढल्यावर ती मऊच असतात, गार होताना कडक होतात. पहिल्यांदा मी ‘कच्ची राहिली’ म्हणून परत आत घातली. सासऱ्यांनी एकेक बिस्किट चहात तीन-तीनदा बुडवून खाल्लं.

शाहूपुरी, सातारा
गूळ घातला म्हणजे साखरेचा प्रश्न सुटला, असं कृपा करून समजू नका. माझ्या वडिलांना मधुमेह आहे. ‘नाचणीची आहेत ना? गुळाची आहेत ना?’ करत एका बैठकीत सहा संपवली. दोन तासांनी बोट टोचून बघितलं तर २६०! गुळातही मुख्यतः साखरच असते हो. ‘पौष्टिक’ हा शब्दच मी आता घरात बंद केलाय. गूळ निम्म्यावर आणलाय, थोडा दाण्याचा कूट आणि जायफळ वाढवलंय. दोनच बिस्किटं मिळतात आणि डबा माझ्या कपाटात असतो. त्यांना वाटतं मला ठाऊक नाही, पण किल्ली कुठे असते ते त्यांना माहीत आहे.

वाई
निव्वळ नाचणीची करायला जाऊ नका. तिच्यात पीठ बांधून ठेवणारं ग्लुटेन नाही, उचलताना भुगा होतो. आमचा भुगा दुधात कालवून संपवला.

तासगाव
आमच्याकडे बेदाण्याला काय तोटा! ते घातले की गूळ कमी लागतो हे खरं, पण वर उघडे राहिले तर जळून कडू होतात. बारीक चिरून गोळ्याच्या आत दाबायचे. एकदा हात सैल सोडून घातले, तर सगळी बिस्किटं पसरून एकमेकांना चिकटली. घरच्यांनी तोडून तोडून खाल्ली म्हणा.

कराड
ओव्हन नाही म्हणून कोणी थांबू नका. जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड, वर झाकण, दहा मिनिटं तापवायची. मग ताटली आत ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. माझी पहिली खेप खालून कोळसा झाली. आता एकाखाली एक दोन ताटल्या ठेवतो, करपत नाहीत. वरून रंग ओव्हनसारखा येत नाही, पण चवीला फरक नाही.

विश्रामबाग, सांगली
मिरजेच्या ताई, तुमच्या प्रमाणाने काल केली. घाईत गूळ चाळलाच नाही. जागोजागी खडे वितळून काळपट डाग पडले, मला तर रडूच आलं. आज डबा रिकामा आला. चिरंजीव विचारतात, ‘आई, आतमध्ये चॉकलेट घातलंस का?’

मी ‘हं’ म्हटलं.